दुभाषीबाई आणि तुतीची बाग

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका मीटिंगमध्ये, आणि त्या पहिल्याच मीटिंगमध्ये त्या धडधडीत खोटं बोलल्या.

लुसैलमध्ये स्टेडियमपासून जवळच एक हॉटेल उभं राहत होतं. ते वर्ल्ड कपच्या आधी पुरं व्हायचं होतं. तेव्हा दोह्यात सगळंच वर्ल्ड कपच्या आधी पुरं व्हायचं होतं, रस्ते, मेट्रो, ट्राम, आणि आमच्या शेजाऱ्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशनसुद्धा. मी त्या हॉटेलच्या कामावर प्लॅनिंग इंजिनिअर होते. मुख्य कंत्राटदार चिनी, स्टीलचं काम घेतलेला सबकॉन्ट्रॅक्टर पंजाबी, आणि दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या बाई. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कॉटनचा पंजाबी ड्रेस, त्यावर फ्लोरोसंट पिवळं जाकीट, पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज, आणि हेल्मेट काढलं की आत अंबाड्यावर चेपून गेलेला मोगऱ्याचा गजरा.

चिनी प्रोजेक्ट मॅनेजर टेबलावर हात आपटून, मानेच्या शिरा फुगवून बराच वेळ ओरडला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, स्टीलच्या फ्लास्कमधला चहा झाकणात ओतला, फुंकर घातली आणि पंजाबी गृहस्थांना म्हणाल्या, "साहब बोल रहे हैं, काम अच्छा है, बस थोड़ा जल्दी चाहिए. घर पे सब ठीक?"

यावर पंजाबी गृहस्थांनी मॅनेजरच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाईंनी तेही ऐकून घेतलं आणि चिनीत असं काही सांगितलं, की मॅनेजर गोंधळून खाली बसला आणि चक्क मान लववून हसला.

फ्लास्कचं झाकण लावताना ते त्यांच्या हातून निसटलं, आणि त्या "आता गं बया!" म्हणाल्या. तेव्हा कळलं की बाई आपल्याकडच्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं.

"तो मॅनेजर एवढा ओरडला आणि बोलला एवढंच?"

"कामाचं एवढंच होतं," बाई म्हणाल्या. "बाकीचं त्याच्या आईबद्दल होतं. म्हातारी लुधियान्याला आहे बिचारी, तिला कशाला मध्ये आणायची?"

बाई कऱ्हाडकडच्या. चिनी कशा शिकलात असं कुणीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. पुण्यात जर्मनच्या वर्गाला जागा नव्हती, शेजारी चिनीच्या वर्गाला चार टाळकी होती आणि पंखा नवा होता. पंख्याखाली बसायला म्हणून त्या गेल्या आणि पहिल्या आल्या. मग शिष्यवृत्ती मिळाली, दक्षिण चीनमधल्या एका डोंगराळ गावी दोन वर्षं राहिल्या. गेल्या होत्या व्याकरणाचा अभ्यास करायला. "पण तिथल्या बायकांना व्याकरण येत नव्हतं गं. गाणी येत होती. मग काय करणार?"

मदिनत खलीफातल्या आमच्या व्हिलाचे घरमालकाने तुकडे करून भाड्याने दिले होते. मागचं आउटहाउस रिकामं होतं, ते मी बाईंना मिळवून दिलं. तिथपासून आमच्या घराची शांतता गेली ती गेलीच. बाई सकाळी उठून भांडी घासताना गायच्या, गाडी धुताना गायच्या. त्यांची ती छोटी जुनी गाडी त्या हायवेला सगळ्यात डावीकडच्या, म्हणजे वेगाच्या लेनमधून बैलगाडीच्या चालीनं चालवायच्या. मागून लँड क्रूझरवाले दिवे मारून वेडे व्हायचे. बाई आरशात बघून म्हणायच्या, "काय घाई आहे याला? वर्ल्ड कप याच्याशिवाय सुरू होणार नाही." शुक्रवारी सकाळी उम्म सलालच्या मार्केटात जाऊन मासळी घ्यायच्या आणि मल्याळी मासेवाल्याशी चिनीत घासाघीस करायच्या. त्याला एक अक्षर कळायचं नाही. "म्हणूनच करते," त्या म्हणायच्या. "त्याला कळलं तर तो उत्तर देईल."

ही गाणी कसली, हे मला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं. मी समजत होते, भजनासारखं काही असेल. चेहराच तसा तल्लीन असायचा.

एकदा चहा घेता घेता विचारलं, तर बाईंनी फोड करून सांगितली. त्या डोंगरात चहाची पानं खुडणाऱ्या, रेशमाचे किडे पोसणाऱ्या, ओढ्यावर धुणं बडवणाऱ्या बायका घरात तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. सासूसमोर तर नाहीच. पण एकदा का डोंगरावर चढल्या, की समोरच्या उतारावर लाकडं तोडणाऱ्या पुरुषाला खड्या आवाजात गाऊन सवाल टाकायच्या. त्यानं गाऊनच जवाब द्यायचा. जवाब कच्चा निघाला की ती बाई तोच सवाल दुसऱ्या डोंगराकडे तोंड करून टाकायची.

"म्हणजे इंटरव्ह्यूच की," मी म्हटलं.

"आणि शॉर्टलिस्टपण तीच करायची," बाई म्हणाल्या.

बाईंच्या मते बायकांच्या गाण्यांचे तीन प्रकार. आईला फसवायची गाणी, नवऱ्याला टोमणे मारायची गाणी, आणि वाट बघायची गाणी. तिसरा प्रकार पुस्तकवाल्यांना फार आवडतो, असं त्या नाक मुरडून सांगायच्या. खिडकीशी बसलेली, डोळ्यांत पाणी आणून दूर बघणारी बाई. "ती गाणी पुरुषांनी लिहिलीत बघ. बाईला वाट बघायला सवड कुठे असते? किड्यांना पाला कोण घालणार?"

त्या जानेवारीत आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू आमच्याच हॉलमध्ये होतं. मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नीला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. अध्यक्ष नुसते सही करायचे, मंडळ वहिनी चालवायच्या. गणपतीत कुणी आरतीचं कडवं गाळलं की वहिनी टाळ थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. पिवळी पैठणी, कपाळावर मोठं कुंकू, आणि नजर अशी की वाण लुटताना कुणी दोन उचलली तर लगेच कळावं. अशा वहिनींनी उखाण्यांचा कार्यक्रम उरकून, पाहुणी म्हणून आलेल्या बाईंना आग्रह केला, "तुम्ही काहीतरी म्हणा ना. चिनी चालेल. संस्कृतीची देवाणघेवाण."

बाईंनी डोळे मिटून चिनीत गायलं. टाळ्या पडल्या. "अर्थ काय हो?" कुणीतरी विचारलं. "सांगते की," म्हणून बाईंनी तेच गाणं मराठीत, जात्यावरच्या ओवीच्या चालीत धरलं.

आई विचारते, पोरी, केस का गं विस्कटले?
अगं, तुतीच्या बागेत फांदीला गं अडकले.

आई विचारते, पोरी, ओठ का गं लाल लाल?
अगं, पिकलेली तुती मूठभर खाल्ली काल.

आई विचारते, पोरी, पाठीला का गं माती?
अगं, दमून निजले मी झाडाच्या गं खालती.

आई विचारते, पोरी, पावलांच्या जोड्या का दोन?
अगं आई, तुझ्या वेळी बागेत नेई कोण?

मग माझ्या नाशिकच्या मैत्रिणीच्या घशात तिळगूळ अडकला, ती ठसकली, तिच्या पाठीवर थापट्या मारणारीला हसू फुटलं, आणि मग कुणाला आवरेना. माझी मुलगी तेवढी गंभीर होती. "ममा, व्हाय इज द मदर सो सस्पिशस?" असं तिनं विचारलं आणि पुन्हा हशा झाला.

वहिनी हसल्या नाहीत. "चाल गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण शब्द आपल्यात बसत नाहीत."

"बसतात की," बाई म्हणाल्या. "जरा सरकून घ्यायचं."

त्यानंतर आठवडाभर मला फोन येत राहिले. ते गाणं पाठवता का? तसलं आणखी एखादं आहे का? शेवटी बाईंनीच शुक्रवारी सकाळी वर्ग काढला. नाव ठेवलं, 'व्यावहारिक चिनी भाषा वर्ग'. नवरे मंडळी खूश झाली. एकानं तर बायकोला सांगितलं, "शिक, पुढे चायनाशी ट्रेडिंग करू." बाई प्रत्येक गाणं आधी चिनीत पाठ करून घ्यायच्या, मग मराठीत. ट्रेडिंगचा पहिला धडा असा होता:

नवरा माझा गुणाचा, भाताच्या गं पोत्यावाणी,
जिथं ठेवला तिथंच, ना हाक ना गाऱ्हाणी.

वहिनी दुसऱ्याच शुक्रवारी हजर झाल्या. "मी फक्त देखरेखीला आलेय," असं सांगून दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. पुढच्या वेळी खुर्ची जरा आत आली. मग त्या गाणं नीट म्हणवून घ्यायला लागल्या, कारण चुकीचा सूर त्यांना कुठलाच सहन होत नसे. आवाज त्यांचाच सगळ्यांत चांगला. पोत्याच्या गाण्यात "जिथं ठेवला तिथंच" ही ओळ आली की त्या अशी काही मुरकी घ्यायच्या, की बाई गाणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहायच्या.

एका शुक्रवारी विषय निघाला तो मला कायमचा आठवतो. कुणीतरी विचारलं, या गाण्यांत जे असतं त्याला मराठीत म्हणायचं काय? इंग्रजीत डिझायर म्हटलं की कसं ऐटीत वाटतं.

"वासना," एक म्हणाली.

"शी! ते तर कीर्तनात जाळायचं असतं."

"कामना?"

"ती सत्यनारायणाला पूर्ण होते."

"इच्छा?"

"इच्छा पिक्चरला जायची असते," माझी नाशिकची मैत्रीण म्हणाली.

"ओढ म्हणा," वहिनी दाराजवळून, म्हणजे एव्हाना मधोमध बसलेल्या जागेवरून म्हणाल्या. आणि लगेच स्वतःच मान हलवून म्हणाल्या, "नको. ओढ माहेरची असते."

बाई हसत होत्या. "एवढे शब्द, आणि एकही वापरायची सोय नाही. म्हणून तर त्या बायकांनी तुती काढली. आपणही तुतीच म्हणू या."

तेव्हापासून आमच्यात तुती सुरू झाली. मंडळाच्या सहलीला, चार नवऱ्यांच्या देखत, एक दुसरीला खुशाल विचारायची, "काय गं, तुमच्याकडे तुती कशी आहे?" "सध्या टंचाई आहे. ऑडिट चाललंय ना ह्यांचं." "आमच्याकडे मागच्या गुरुवारी आली होती थोडी." एका भोळ्या नवऱ्यानं हे ऐकलं आणि बायकोला आवडतं म्हणून हायपरमार्केटमधून वाळवलेली इराणी तुती किलोभर घेऊन आला. ती बिचारी हसून हसून रडली, आणि मग त्याच्यावर एवढी खूश झाली, की पुढच्या वर्गाला आलीच नाही.

आम्ही मात्र बाईंना विचारायचो, "बाई, सगळ्यांचं ऐकता, तुमचं काय?" लग्न केलं नव्हतं हे माहीत होतं. बाई फ्लास्क उघडायच्या. "मी दुभाषी. दुभाष्यानं मध्ये स्वतःचं घालायचं नसतं," असं हीच बाई म्हणायची, जिनं मीटिंगमध्ये कधी दुसऱ्याचं धड घातलं नव्हतं.

हॉटेलचा शेवटचा मजला चढला तेव्हा चिनी कंपनीनं आपल्या कॅम्पमधल्या मोठ्या मेस हॉलमध्ये समारंभ ठेवला. संध्याकाळची वेळ, पुढे सोफे, मागे बाकांवर शेकडो चिनी कामगार, आमच्या बाजूला भारतीय इंजिनिअर सहकुटुंब. भारतीय महिला चिनी लोकगीत गातात हे मॅनेजरच्या कानावर गेलं होतं. त्यानं स्वतः गाणं निवडून दिलं होतं. चहाच्या सुगीचं, मेहनतीचं, अगदी स्वच्छ गाणं. बाईंनी ते बसवलं तुतीच्याच चालीवर. "नवी चाल शिकवायला वेळ कुठाय?" त्या म्हणाल्या. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथं होतं.

पहिली ओळ वहिनींनी एकटीनं म्हणायची, मग आम्ही सगळ्यांनी उचलायची. वहिनी माइकसमोर उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत सोफ्यावर अध्यक्ष बसले होते, मांडीवर फोन, अंगठ्यानं वर-खाली, वर-खाली. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. एकदा खाकरल्या. अध्यक्षांनी मान वर केली नाही. वहिनींनी डोळे मिटले आणि खणखणीत चिनीत विचारलं, पोरी, केस का गं विस्कटले?

आम्ही सगळ्या दगड झालो. पण चाल तीच होती, वहिनी पुढे निघाल्या होत्या, आणि त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. आम्ही उचललं.

मागच्या बाकांवर आधी कुजबुज झाली. दुसऱ्या कडव्याला शिट्टी आली. तिसऱ्याला शेकडो माणसं टेबलं बडवायला लागली, आणि "पावलांच्या जोड्या का दोन" येईपर्यंत सगळा हॉल आमच्याबरोबर गात होता. एक पोक्त फोरमन डोळे पुसत होता. मॅनेजर तेवढा ताठ बसला होता, त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पुढच्या सोफ्यांवरचे आमचे नवरे कौतुकानं टाळ्या वाजवत होते. सुगीचं गाणं एवढं रंगतं!

मॅनेजरच्या शेजारी क्लायंटकडचे एक वयस्क कतारी इंजिनिअर होते, पांढऱ्याशुभ्र पायघोळ अरबी थोबमधले. त्यांनी हात वर करून इंग्रजीत विचारलं, "फार सुंदर. अर्थ काय आहे?"

माइक बाईंच्या हातात आला. बाईंनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा आमच्या नवऱ्यांकडे. त्यांचा व्हिसा त्या कंपनीवर होता, आमचे संसार त्या सोफ्यांवर होते. बाई इंग्रजीत म्हणाल्या, "हे रेशीम उद्योगाबद्दल आहे. मुलगी आईला तुतीच्या लागवडीचा अहवाल देते."

आमचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वहिनींनी बाईंच्या हातातून माइक काढून घेतला.

"एक्स्क्यूज मी," वहिनी म्हणाल्या. "भाषांतर चुकलंय."

आरतीचं कडवं गाळल्यावर जो आवाज लागायचा, तोच. आणि वहिनींनी स्वच्छ इंग्रजीत ओळ न् ओळ सांगितली. केस, ओठ, माती, पावलं. शेवटच्या ओळीला थांबल्या आणि म्हणाल्या, "आता आई निरुत्तर होते. कारण आईसुद्धा एकेकाळी मुलगी होती. हे कुणी तिला बऱ्याच दिवसांत विचारलेलं नाही."

अध्यक्षांचा फोन मांडीवरून घसरून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

कुणालाच हसावं की काय करावं कळेना. मग ते वयस्क कतारी गृहस्थच हसले, अगदी पोट धरून. "इथले पुरुष मोती काढायला महिनोन् महिने समुद्रावर जायचे," ते म्हणाले. "माझी आजी किनाऱ्यावर उभी राहून समुद्राला दम द्यायची, गाण्यातून. आम्हाला मुलांना वाटायचं ती दुआ मागतेय. मोठा झाल्यावर शब्द कळले." आणि वर पुस्ती जोडली, "दुआ नव्हती."

सोफेवाल्यांना हसायची परवानगी मिळाली आणि हॉल कोसळला.

घरी जाताना गाडीत काय झालं, हे वहिनींनीच नंतर वर्गात सांगितलं. सिग्नलला थांबल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "तुझ्या गावाला कुठे होती गं तुतीची बाग?"

"नव्हती हो," वहिनी म्हणाल्या. "तेच तर म्हणतेय."

त्या हिवाळ्यात अध्यक्ष दर गुरुवारी संध्याकाळी वहिनींना घेऊन समुद्रकाठी कॉर्निशवर फिरायला जाताना दिसायचे. फोन घरी ठेवून. तुतीबद्दल वहिनींना विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

बाईंना मात्र ते प्रकरण भोवलं. मॅनेजरला गाण्याचा राग नव्हता. आपल्या माणसांना एवढं हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला कामापुरतं इंग्रजी कळत होतं आणि त्याच्या मनात किडा शिरला होता, की या बाईनं चारचौघांत गाण्याचा अहवाल केला, तर मीटिंगमध्ये माझं काय काय केलं असेल? पुढच्या मीटिंगला बाईंना सुट्टी देऊन त्यानं परदेशात शिकून आलेला एक तरुण चिनी इंजिनिअर बसवला. पोरगा प्रामाणिक. त्यानं मॅनेजरचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला, आईसकट. पंजाबी गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांचंही उत्तर पोरानं तितक्याच प्रामाणिकपणे चिनीत पोचवलं. मी मध्ये बसले होते, आणि डोक्यावरून स्टेपलर गेलेला मी पाहिला आहे. स्टीलचं काम बंद पडलं. क्लायंटचे फोन सुरू झाले.

मॅनेजर स्वतः आमच्या व्हिलावर आला. बाई अंगणात कुंडीतल्या कोथिंबिरीला पाणी घालत होत्या. तो उभ्याउभ्याच काहीतरी बोलला, बाई काहीतरी बोलल्या, तो डोकं खाजवत निघून गेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"विचारत होता, इतके दिवस माझ्या नावानं काय सांगत होतीस?"

"मग?"

"म्हटलं, शहाणा माणूस जे बोलला असता ते." बाईंनी झारी खाली ठेवली. "उद्यापासून ये म्हणाला."

पण बाईंचं मन तिथून उठलं होतं. हॉटेलची काचकामं सुरू झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. विमानतळावर त्यांना मीच सोडलं. मला वाटत होतं पुण्याचं तिकीट असेल, पण बोर्डाकडे बघत त्या चीनच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

"तिकडे काय आहे आता?" मी विचारलं.

बाई प्रथमच अडखळल्या. मग म्हणाल्या, "एकजण होता. समोरच्या उतारावरचा. मी सवाल टाकला, त्यानं जवाब दिला. चांगला दिला. मग इकडे आईला अर्धांगवायू झाला म्हणून मी परत आले, आणि तिला नीट करता करता वर्षं गेली." त्यांनी हँडबॅगची चेन उगाच उघडली, लावली. "इतकी वर्षं मनात होतं, बघून यावं. वहिनींनी माइक ओढला ना, तेव्हाच ठरवलं. ती बाई नवऱ्यासमोर बोलली, आणि मी तिकडच्या विमानाला घाबरते म्हणजे काय?"

"आणि तो भेटला नाही तर?"

"तर परत येईन."

"भेटला आणि टकला निघाला तर?"

"तर लवकर परत येईन," बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

परत आल्या नाहीत. काही महिने नुसते फोटो यायचे, डोंगराचे, कोबीचे, एका म्हाताऱ्या कुत्र्याचे. मग एका दुपारी मी साइट ऑफिसमध्ये जेवत असताना व्हिडिओ कॉल आला. बाईंनी केस कापले होते. मागे चुलीवर काहीतरी शिजत होतं.

"भेटला?" मी आधी तेच विचारलं.

"भेटला की. टकला आहे. कानानं कमी ऐकतो. दिवसभर टीव्हीपुढे बसून फुटबॉल बघतो. मी सांगितलं, तुमच्या वर्ल्ड कपच्या गावाला हॉटेल बांधून आलेय, तर म्हणाला, तिकीट मिळेल का?"

"अरेरे," मी म्हटलं. "मग तुम्ही तिथं अजून काय करताय?"

"त्याच्या बायकोकडे वरची खोली भाड्यानं घेतलीय. अगं, काय बाई आहे! पहिल्या दिवशी मला बघून तिनं नुसतं हं केलं. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना एकदम सवाल टाकला, गाऊन. मी जवाब दिला. तेव्हापासून आमचं रोज चालतं. मी आजवर जेवढी गाणी गोळा केली ना, त्याच्या दुप्पट हिच्या पोटात आहेत. आणि एकेक असलं, की तुमच्या वहिनींनासुद्धा जड जाईल."

कॅमेरा हलला. चुलीपाशी एक सुरकुतलेल्या चेहऱ्याची, धट्टीकट्टी बाई बसली होती. तिनं माझ्याकडे बघून पळी हलवली आणि काहीतरी म्हणाली, तशा दोघी एकमेकींना टेकून हसायला लागल्या.

"कसली गाणी आहेत?" मी विचारलं.

"नवऱ्याला टोमणे मारायची. सगळी त्याच्याबद्दल, तिनंच रचलेली. सगळा गाव म्हणतो." बाईंनी आवाज खाली आणला, जणू कऱ्हाडचं मराठी तिथं कुणाला कळणार होतं. "फक्त एक कडवं चुकीचं होतं. त्याच्या तरुणपणाबद्दलचं. ते मी दुरुस्त करून दिलं."